खिशातला हात

मी एक जुना कोट आहे. लहान मुलीच्या मापाचा, जाड लोकरीचा, गडद लाल रंगाचा. मित्रांनो, आज मला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो आणि माझ्या एका बाहीला कसर लागली आहे. पण एके काळी रस्त्याने जाणारी माणसं मला बघायला थांबत. ही बढाई नव्हे. बरं, थोडी आहे, असू द्या.

माझा जन्म एका थंड गावातल्या शिंप्यांच्या गल्लीत झाला. शिंपीणबाईंनी मला गिऱ्हाइकासाठी नाही, स्वतःच्या लेकीसाठी बेतलं होतं. लेक दुकानातच वाढली होती. मापं घेताना तिला गुदगुल्या होत आणि बाई टेप सोडून स्वतःच हसत सुटत. मला अंगावर चढवून ती आरशापुढे उभी राहिली, तेव्हा तिने उजवा हात माझ्या खिशात पार खुपसला होता. पुढे तिला ताप आला आणि त्या तापातच ती गेली. माझी बटणं लावायची राहिली होती. ती बाईंनी रडत रडत लावली.

त्या गल्लीत एक रीत होती. ज्या कपड्याचं माणूस परत येणार नाही, त्याचे खिसे शिवून टाकायचे आणि तो कपडा कधी विकायचा नाही. बाईंनी माझे खिसे बारीक टाक्यांनी बंद केले आणि मला काचेच्या कपाटात टांगलं. ही रीत कशासाठी आहे, ते मला त्याच संध्याकाळी कळलं. माझ्या उजव्या खिशात एक लहानसा, गार हात होता.

बरीच वर्षं आम्ही दोघं तसेच राहिलो. मग एक दिवस बाई बाहेर गेल्या असताना त्यांचे दीर दुकान सांभाळत बसले होते, तेव्हा परदेशातून फिरायला आलेलं एक कुटुंब आत शिरलं. आई, बाबा आणि त्यांची मुलगी. तिला ते लाडाने ठकी म्हणत. आत्यासाठी शाल, शेजाऱ्यांसाठी फ्रिजवर लावायची चित्रं, कोणाकोणासाठी लाकडी डब्या, अशा पिशव्यांनी बाबांचे दोन्ही हात भरलेले होते.

"अगं, आता बॅगेत मुंगी शिरायलासुद्धा जागा नाही," बाबा म्हणाले.

"अंगावर घालून येईल की ती! आणि असा कोट आपल्याकडे शोधून तरी मिळेल का?"

दिरांनी आधी मान हलवली, मग हात जोडले. पण ठकीच्या आईची घासाघीस म्हणजे काय विचारता! ते अगदी मेटाकुटीला आले आणि त्यांनी मला काढून दिलं.

हॉटेलच्या खोलीत आईने नखं कापायची छोटी कात्री घेऊन माझे टाके उसवले. "नव्या कोटाचे खिसे असेच टाचलेले असतात गं. ते आपणच मोकळे करायचे," ती म्हणाली. एरवी तिचं म्हणणं खरं ठरलं असतं.

ठकीने उजव्या खिशात हात घातला.

"आई, आत कोणीतरी आहे. माझा हात धरलाय."

"अस्तर गार असतं ते. चल, आवर पटकन."

घरी परतल्यावर कडक उन्हाळा होता, तरी ठकी मला अंगावेगळं करीना. जेवायची डाव्या हाताने. रस्ता ओलांडताना बाबांनी हात पुढे केला की म्हणायची, "माझा धरलाय की." मित्रांनो, माझा खिसा जेमतेम तळहाताएवढा खोल आहे. पण तिचा हात आधी मनगटापर्यंत आत गेला, मग कोपरापर्यंत. माझा जीव टांगणीला लागला होता. ओरडावंसं वाटे, पण कोटाला कुठलं तोंड?

एका दुपारी आईने तिला आरशापुढे पाहिलं. खांद्यापर्यंत हात माझ्यात, डोळे मिटलेले, ओठ पांढरे. आई धावली आणि तिने आपलाही हात माझ्या खिशात घातला. आत दोन हात होते. सारखेच लहान.

"सोड! सोड माझ्या पोरीला!"

जो हात आधी सापडला, तो घट्ट धरून तिने सगळ्या ताकदीनिशी बाहेर ओढला. ठकी तिच्या कुशीत कोसळली आणि तिने डोळे उघडले.

"किती गार पडलीस गं बाळा," म्हणत आई तिचे तळवे चोळत राहिली.

पण माझ्या खिशात उरलेला हात गरम होता. बाहेर ठकीचं अंग होतं, आणि त्या अंगात ती दुसरी, शिंपीणबाईंची लेक होती.

आईने तिथेच बसून दुहेरी दोऱ्याने खिसा शिवला आणि मला कपाटाच्या तळाशी ढकललं. आता घरात सगळे खूश आहेत. मुलगी शहाणी झाली म्हणतात. कपड्यांच्या घड्या कशा काठाला काठ लावून घालते, म्हणून आत्या तिचं कौतुक करते. मला तिचाही राग येत नाही. तिलाही आई हवी होती. पण कपाटाचं दार उघडलं की आतली बोटं अस्तरावर धडपडतात. आईला वाटतं, किडे झाले. ती आणखी गोळ्या टाकते. आणि तो हात आता पहिल्यासारखा गरम राहिलेला नाही.

परवा आई म्हणाली, हा कोट कोणालातरी देऊन टाकू. मित्रांनो, मी उद्या तुमच्या घरी आलो, तर आधी माझा खिसा चाचपून बघा. आत काही हललं तर घाबरून मला फेकून देऊ नका. टाके हलक्या हाताने उसवा, तो हात हातात घ्या आणि शांतपणे विचारा, "बाळ, तू कोणाची?" आणि कृपा करून जरा लवकर या. ती अजून आईलाच हाका मारते आहे.