उणे चार

"दोन मार्कांसाठी एकशेबारा पेपर परत तपासायचे काय, मॅडम?" चंपतरावांनी उत्तरसूची टेबलावर आपटली. मनीषनगरातला हा क्लास त्यांचा. चारुशीलाबाई तिथं एकोणीस वर्षं गणित शिकवत होत्या.

"मार्कांसाठी नाही सर. आपलं उत्तर चुकलं म्हणून."

प्रश्न साधा होता. आत वर्गमूळ, बाहेर वर्ग. अशा जोडून केलेल्या फंक्शनचं डोमेन काढा, म्हणजे त्यात कोणत्या संख्या घालता येतील ते सांगा. वर्गमूळ आणि वर्ग एकमेकांना खाऊन टाकतात, उरतो नुसता x. म्हणून सरांच्या शॉर्टकटनं उत्तर आलं, 'सगळ्या वास्तव संख्या'. सगळ्या पोरांनी तेच लिहिलं. कामठीहून शेअर ऑटोनं येणाऱ्या दामिनीनं मात्र लिहिलं, 'फक्त शून्य आणि त्याहून मोठ्या'. तिला शून्य मिळालं, आणि दोन गुणांनी पहिली तुकडी हुकली.

"x उरला ना? मंग कोणताही आकडा टाका!"

"उणे चार टाका. आधी आतलं वर्गमूळ काढा. वास्तव संख्येत निघते काय?"

चंपतरावांनी दार लोटून घेतलं. मग आवाज उतरवून म्हणाले, "मले समजून राहिलं, मॅडम. पण सूची पालकांच्या ग्रुपवर गेली. आता चूक कबूल केली तर क्लासचं नाव खराब होते. अन् त्या पोरीचा बाप कुठं भांडायले येते?"

बाईंचा सोमवारचा उपास होता. सकाळपासून पोटात दोन केळी तेवढी. तरी आवाज चढलाच.

"भांडायले कोणी नाही, म्हणून पोरीचं खरं खोटं करायचं?"

"पहिल्या तुकडीची यादी तयार आहे, तिच्यावर सही करा. नसन करायची, तर उद्यापासून येऊ नका."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. सहीची जागा कोरी ठेवून त्या उठल्या.

यादी तशीच भिंतीवर लागली. तिच्यासमोर दामिनी उभी होती.

"बाई, माह्यं काहून चुकलं?"

"नाही चुकलं वं. त्यायचं चुकलं." बाईंनी तिच्या हातातला पेपर घेऊन भिंतीवर टेकवला, लाल शून्य खोडलं, शेजारी दोन लिहिले आणि खाली तारीख घालून पूर्ण नावानं सही केली.

"मंग मी पहिल्या तुकडीत?"

"नाही, बेटा."

दामिनीनं मान हलवली. पेपर घडी न घालता छातीशी धरला आणि दुसऱ्या तुकडीच्या खोलीत जाऊन बसली. चारुशीलाबाईंनी चपला घातल्या नि जिना उतरू लागल्या.