पावलाचं माप

“सर, बाईच्या पावलाचं माप पायजे. त्याबिगर कुदळ लावायची न्हाई मनायलेत स्वामी.” दत्ता हातात सुतळी घेऊन अंगणात उभा होता.

शिवरुद्र गुरुजी ओट्यावर बसले होते. पहाटे बायको, मल्लम्मा, गेली तेव्हापासून ते तिथेच होते. कुणीतरी चहा दिला, तो त्यांनी प्यायला; साखर कमी आहे हेही त्यांना कळले. रडू तेवढे येत नव्हते. आतला आकांत शेजारच्या घरातला वाटत होता.

त्यांच्यात मयताला बसवून पुरतात. खड्डा मयताच्याच पावलांनी मोजायचा आणि आत त्याच मापाने बसण्यापुरता तीनकोनी कोनाडा कोरायचा. ‘माप’ म्हटल्यावर गुरुजी उठले. पाथरीच्या शाळेत त्यांनी उभी हयात भूमिती शिकवली होती. दरवर्षी दहावीची पोरे उन्हात उभी करायची आणि थेल्सची गोष्ट सांगायची: ग्रीसचा हा पठ्ठ्या इजिप्तला गेला, काठी रोवली आणि सावलीवरून पिरॅमिडची उंची सांगून मोकळा झाला. वर चढला नाही की हात लावला नाही! मग शाळेच्या टाकीची सावली मोजायची. पोरे मागून त्यांना थेल्सच म्हणत. गुरुजींना ते ठाऊक होते, आणि खरे सांगायचे तर आवडतही होते.

त्यांनी दारातली मल्लम्माची चप्पल उचलली, सुतळी ताणून लावली आणि गाठ मारली. दत्ता त्याच मापाची दुसरी सुतळी करून घेऊन गेला; पहिली गुरुजींकडेच राहिली.

दुपारी मुलगी शिवरंजनी बाहेर आली. “अप्पा, माप कशावरून दिलं?”

“चपलेवरून.”

तिने ती चप्पल उचलली आणि पुढच्या पट्ट्याखालून चिंधीचा बोळा ओढून काढला. “दर बारीला एक नंबर मोठी आणायलाव तुमी. आई बोळा कोंबून घालायची.”

“मग सांगायचं की मला.”

“‘सरांचं माप चुकलं असं गावभर कशाला?’ मनायची.”

गुरुजी आत गेले. भिंतीला टेकवून बसवलेल्या मल्लम्माच्या कपाळी भस्म होते. सणासुदीला पाया पडायची ती. तिच्या पायांना हात लावायची वेळ त्यांच्यावर कधी आलीच नव्हती. त्यांनी टाचेपासून सुतळी धरली. पाऊल गाठीच्या बरेच अलीकडे संपले. केवढेसे ते पाऊल, टाच भेगाळलेली. आता तरी रडू यायला हवे होते. आले नाही.

ते तसेच रुद्रभूमीत गेले. खड्डा तयार होता. सुतळीतली बोटभर चूक पावलागणिक वाढून हातभर झाली होती.

“बारीक करता येईल का रे?” गुरुजींनी विचारले.

दत्ता त्यांचाच विद्यार्थी. तो खड्ड्याकडे बघत समजुतीने म्हणाला, “आता कसं हुईल, सर? मोठा झाला तरी कोन तेच राहतेत की. तुमीच शिकवलंय.”

गुरुजींनी मान डोलावली. उत्तर बरोबर होते.

संध्याकाळी मल्लम्माला कोनाड्यात बसवले. मोकळ्या जागेत ती एका अंगाला कलली. दोघांनी सरळ केली, पुन्हा कलली. स्वामी मंत्र म्हणायचे थांबले. तेव्हा गुरुजी धोतर सावरत खाली उतरले. खांद्यावरचे उपरणे काढून त्यांनी त्याचा बोळा केला आणि तिच्या कुशीला, कलत्या अंगाने, नीट कोंबला.

मग ती हलली नाही.