बोटीत बसली की उतरली?

चष्मेवाल्यांचा सगळा जन्म एकच प्रश्न विचारण्यात गेला होता : "हे स्पष्ट दिसतंय, की हे?" एक भिंग लावायचं, ते काढून दुसरं लावायचं, आणि ठरवायचं ते समोरच्यानं. असलं ठरवणं कधी आपल्याच गळ्यात येईल, हे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

ते आणलं टेलरबाईंनी. त्यांचं दुकान रस्त्यापलीकडे, अगदी समोर. नवे कपडे त्या शिवतच, पण हात खरा बसलेला जुन्यावर : लांबी कमी कर, कमरेत सोड, अंगात घे. बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, चष्मेवाल्यांची बायकोही. तेव्हापासून चष्मेवाल्यांच्या पँटी इतक्या वेळा उसवायला लागल्या, की धाग्यालाही संशय यावा. शेवटी एकदा स्टुलावर उभे असताना, बाई खाली बसून टाचण्या लावत असताना, त्यांनी धीर केला.

"आमच्या दुकानाच्या वर दोन खोल्या आहेत. उजेड भरपूर येतो. शिवणकामाला बरा."

बाईंना काय समजायचं ते समजलं. शेवटची टाचणी लावून त्या म्हणाल्या, "दीपगृहाची गोष्ट माहीत आहे ना? शेवटी ती बाई काय करते? माझंही तेच समजा. आणि पँट परवा न्या."

दीपगृहाची गोष्ट आधी कादंबरी होती. तिच्यावर सिनेमा निघाला, आणि मग ज्याच्या त्याच्या तोंडी तीच. चष्मेवाल्यांनी सिनेमा पाहिला होता, बहीण आणि भावोजींबरोबर. शेवटी नायिका सुटलेल्या बोटीतून पाण्यात उडी मारते, पोहत किनाऱ्याला लागते आणि दीपगृहवाल्याच्या गळ्यात पडते. म्हणजे होकार! चष्मेवाले शीळ घालत घरी आले आणि आनंदाच्या भरात बहिणीजवळ बोलून बसले.

"अगंबाई!" ताई म्हणाली, आणि तिचा चेहरा पडला. "पण पुस्तकात ती जाते रे."

"जाते म्हणजे?"

"बोटीत बसते आणि जाते. मागे वळूनसुद्धा बघत नाही. मी रडरड रडले होते."

"उडी?"

"कसली उडी नि काय! ती सिनेमावाल्यांनी घातली. तिकिटं खपायला नकोत का?"

चष्मेवाल्यांची शीळ तिथल्या तिथे विरली. त्यांनी भावोजींकडे पाहिलं. भावोजी म्हणाले, "मला विचारू नका. बोट आली तेव्हा माझा डोळा लागला होता."

मग चष्मेवाल्यांनी ताईकडून ती कादंबरी घेतली आणि गिऱ्हाइकं सांभाळत वाचून काढली. वाचलं आणि जास्तच घोळ झाला. कादंबरीतला दीपगृहवाला टकला, पोट सुटलेला आणि जाड भिंगाचा चष्मा लावणारा निघाला. आरशात पाहावं तसं त्यांना वाटलं. सिनेमातल्याला मात्र तिघांत वाटून उरतील इतके केस, आणि चष्म्याचा पत्ता नाही. सबंध सिनेमात एकाही माणसाला चष्मा नव्हता, याचा त्यांना धंदेवाईक राग होताच. आता त्यांनी हिशेब मांडून पाहिला. म्हणजे माणूस आपल्यासारखा दिसला, की बाई जाते. बाई राहायची असेल, तर माणूस आपल्यासारखा दिसता कामा नये. या हिशेबात आपण बसायचं कुठं?

ताई म्हणाली, "टेलरबाई वाचणाऱ्या आहेत. पुस्तकच म्हणाल्या असतील." थोड्या वेळानं म्हणाली, "पण हल्ली डोळे दुखतात म्हणत होत्या. सिनेमाच असेल." पोळी उलटावी तशी ती मत उलटत होती.

"पँट आणायला जा, म्हणजे कळेल," भावोजी म्हणाले.

पण पँट आणायला जाणार कोणत्या तोंडानं? होकार धरून हसत गेलो आणि नकार निघाला तर? नकार धरून तोंड पाडून गेलो आणि होकार असला तर? चष्मेवाले गेलेच नाहीत. जुन्या पँटीवर दिवस काढू लागले आणि कादंबरी पुन्हा पहिल्या पानापासून वाचायला बसले. न जाणो, घाईत एखादी उडी नजरेतून सुटली असेल.

शेवटी टेलरबाईच आल्या. काखेत पँट, आणि कपाळावर आठी.

"सुईत दोरा जात नाही. डोळे तपासा."

चष्मेवाल्यांनी त्यांना आतल्या खोलीत खुर्चीवर बसवलं, तपासणीची जडशीळ फ्रेम नाकावर चढवली, दिवा मालवला. समोर अक्षरांचा तक्ता तेवढा उजळला. अंधारात त्यांना जरा धीर आला.

"हे स्पष्ट दिसतंय, की हे?"

"दुसरं."

"आता? हे, की हे?"

"पहिलं."

"पुस्तक, की सिनेमा?"

ते कसं तोंडातून निसटलं, त्यांचं त्यांनाच कळलं नाही. बाईंनी फ्रेमसकट मान त्यांच्याकडे वळवली.

"म्हणून आला नाहीत होय!" बाई म्हणाल्या. "मला वाटलं, खोल्यांचं बोलून पस्तावलात."

"मी पस्तावतोय कसला? मी वाचत होतो. दोनदा वाचलं. तुम्ही यातलं कुठलं म्हणालात?"

"दोन्ही केलंय मी. वाचलंय आणि पाहिलंयसुद्धा."

"मग?"

"मग काय! पुस्तकात ती गेली तेव्हा वाटलं, अगं थांब की जरा. सिनेमात थांबली तेव्हा वाटलं, इतकी काय घाई, कपडे तरी भिजवू नकोस! माझंच ठरत नव्हतं. म्हटलं, तुम्ही एक काहीतरी धराल आणि तसे वागाल. मग आपण बघू. तुम्ही तर गावाला गेल्यासारखे गप्प."

चष्मेवाले भिंग हातात धरून उभेच राहिले. "म्हणजे ठरवायचं मी होतं?"

"विचारायचं होतं. त्या दीपगृहवाल्यासारखं नुसतं उभं राहायचं नाही. तो पुस्तकातही विचारत नाही आणि सिनेमातही नाही. तिनं बोटीत बसायचं की उतरायचं, हे त्या बिचारीनं एकटीनंच ओळखायचं!"

हे मात्र खरं होतं. दोन वाचनं आणि एक सिनेमा होऊनही चष्मेवाल्यांच्या ते ध्यानात आलं नव्हतं. त्यांनी घसा खाकरला.

"लग्न करता का माझ्याशी?"

"आधी दिवा लावा."

त्यांनी दिवा लावला. बाईंनी त्या जड फ्रेममधून त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं : टक्कल, पोट, उसवलेली शिवण.

"भिंगं बरोबर आहेत," त्या म्हणाल्या. "सगळं स्पष्ट दिसतंय."

"आणि?"

"तरीही हो."

घरी ताईनं आनंदानं टाळी वाजवली. "म्हणजे सिनेमासारखंच झालं!" मग तिला शंका आली. "की पुस्तकासारखं? टक्कल तर पुस्तकातलं."

चष्मेवाल्यांनी खूप विचार केला, पण त्यांना सांगता येईना.

भावोजी मात्र कधी नव्हे ते पूर्ण जागे होते. "ते राहू द्या," ते म्हणाले. "बोट कोण घेऊन गेलं?"