प्लास्टिकमधून सोलून काढलेला कागद

मित्रांनो, मी एक जुना कागद आहे. रद्दीतला नव्हे बरे का! मी परिचारिकेच्या पदवीचा कागद आहे, आणि तोही परदेशातला. माझा खालचा एक कोपरा नाही आणि अंगावर दोन ठिकाणी पापुद्रा निघालेला आहे. लोक मला पाहून "अरेरे" म्हणतात. त्यांना वाटते, माझी कोणीतरी हेळसांड केली. झाले नेमके उलटे. माझी ही दशा काळजीपोटी झाली, आणि ती कशी झाली हे सांगितल्याशिवाय मला चैन पडायचे नाही.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका नर्सिंग कॉलेजात झाला. जाड, सायीच्या रंगाचा, हाताला खरखरीत लागणारा असा मी होतो. माझ्यावर काळीभोर अक्षरे उमटली, प्राचार्यबाईंनी सही ठोकली आणि मी ऐटीत बाहेर पडलो. ज्या मुलीच्या नावाने मी छापला गेलो, तिला घरी सगळे भिंगरी म्हणत, कारण तिचा पाय कधी एका जागी ठरत नसे. शिक्षणाची शेवटची दोन वर्षे तिने भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात काढली. पाय कितीही धावोत, हात कसे स्थिर ठेवायचे, हे ती तिथे शिकली. जखमेला चिकटलेली पट्टी कातडीला धक्का न लावता काढायची, तर घाई करून भागत नाही.

तिला सैन्यात परिचारिका व्हायचे होते. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. तिचे काका सैनिक होते. लढाईत भाजल्यावर ते छावणीच्या रुग्णालयात अकरा दिवस होते. त्यांना लिहिता येत नव्हते, म्हणून तिथली एक परिचारिका रोज त्यांच्या वतीने घरी चार ओळी लिहून पाठवत असे. काका परत आले नाहीत. ती अकरा पत्रे आली. भिंगरी ती पत्रे वाचत मोठी झाली आणि आपणही तशीच परिचारिका व्हायचे, हे तिच्या मनाने घेतले. तिच्या बाबांनीही तीच पत्रे वाचली होती. त्यांनी मात्र ठरवून टाकले होते, की आता या घरातले कोणी सैन्यात जाणार नाही. घरात ही दोघेच, आणि दोघेही हट्टाला पेटलेली. मग शांतता कुठून असणार?

सैन्याला परदेशी पदवी चालत होती, पण एक अट होती. आपल्या देशाच्या परिचारिका मंडळाने पदवी तपासून मूळ कागदाच्या पाठीवर शिक्का मारलेला हवा. भिंगरीचे वय पुढच्या भरतीत बसणार नव्हते. जे काही करायचे ते याच खेपेला.

आता बाबांच्या धंद्याविषयी सांगतो. त्यांचे झेरॉक्स आणि लॅमिनेशनचे दुकान होते. ते काय वाटेल ते लॅमिनेट करत. शाळेची वेळापत्रके, फ्रिजचे हमीपत्र, शेजारणीने जपून ठेवलेली डॉक्टरांची चिठ्ठी, काही म्हणजे काही सुटत नसे. "बाबांपुढे फार वेळ उभे राहू नका, तुम्हालाही मशीनमध्ये घालतील," अशी गिऱ्हाइके थट्टा करत. काकांचा फोटो त्यांनी सर्वांत आधी लॅमिनेट केला होता.

भिंगरी घरी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रवासाच्या शिणाने भरदुपारी गाढ झोपली. बाबांनी मला तिच्या बॅगेतून अलगद काढले आणि दुकानात नेले. दोन प्लास्टिकच्या मध्ये मला ठेवले आणि गरम रुळांतून सरकवले. अंगाची लाही झाली! बाहेर आलो तो चकाचक. मग मला काकांच्या फोटोशेजारी भिंतीवर टांगले गेले. येणारा-जाणारा माझे कौतुक करी. मी फुशारून गेलो, हे कबूल करतो. पण दोनच दिवसांत जीव गुदमरू लागला. कागदाला हवा लागते, बोटे लागतात, पाठीवर कोणीतरी लिहिलेले काहीतरी लागते. मी नुसताच चमकत होतो.

भिंगरीने मला भिंतीवरून उतरवून हातात घेतले. मग म्हणाली, "छान दिसतंय, बाबा." तिला वाटले, बापाने हौसेने केले.

परिचारिका मंडळाच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईंना मात्र हौस वगैरे काही वाटले नाही. त्यांनी मला उलटा केला, सुलटा केला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"हे काय करून आणलंत? शिक्का मारू कुठं?"

"प्लास्टिकवर नाही का चालणार, मॅडम?"

बाईंनी शिक्का उचलून माझ्या पाठीवर मारला आणि अंगठ्याने एकदाच पुसला. सगळी शाई अंगठ्यावर आली. "दिसलं? आता कॉलेजकडून दुसरी प्रत मागवा."

"त्याला चार महिने लागतात. अर्जाची मुदत नऊ दिवसांत संपतेय."

"मग मी काय करू, बाई? नियम मी केलेला नाही," असे त्या म्हणाल्या. पण आवाज खाली आणून त्यांनी पुढे सांगितले, "खालून अख्खा कागद निघाला, तर घेऊन या. सही आणि अक्षरं शाबूत पाहिजेत. बघते मी."

घरी आल्यावर भिंगरीचे चित्त थाऱ्यावर नव्हते. ती उगाच कपाटे उघडत होती आणि बंद करत होती. रविवारी दुकान बंद होते. सकाळीच ती मला घेऊन दुकानातल्या टेबलाशी बसली. बारीक कात्री, चिमटा आणि केस वाळवायचे यंत्र तिने शेजारी मांडले. तिने प्लास्टिकची कड कापली, गरम वारा सोडला आणि चिमट्याने एक टोक उचलले. केसभर सुटले की थांबायची, पुन्हा ऊब द्यायची, पुन्हा केसभर. भाजलेल्या माणसाच्या पाठीवरची पट्टी ती अशीच काढत असे. मी कागद असलो म्हणून काय झाले? मलाही आग होत होती. माझे कुठलेही अक्षर त्या प्लास्टिकबरोबर गेले असते तर तिचे सगळे शिक्षण पाण्यात गेले असते.

बाबा दाराशी येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांच्याने राहवेना.

"भिंगरे, मला माहीत होतं."

तिने वर पाहिले नाही. "काय माहीत होतं?"

"मूळ सर्टिफिकेट लॅमिनेट केलं की शिक्का बसत नाही. दहा जणांना मी स्वतः सांगून परत पाठवलंय." ते काकांच्या फोटोकडे वळले. "अकरा पत्रं आली गं. बारावं येईल म्हणून तुझी आजी दारात बसायची. मला तसं बसायचं नव्हतं."

त्या क्षणी मला त्या माणसाचा भयंकर राग आला. मी तिच्या बोटांकडे पाहिले. तिने चिमटा खाली ठेवला आणि डोळे पुसले.

"मग एवढं सुटतंय कसं?" तिने विचारले. "तुमचं लॅमिनेशन तर नखानंही निघत नाही."

"मशीन पुरतं तापू दिलं नाही मी. अर्धवट तापल्यावरच घातलं." बाबा खाली बघून म्हणाले. "पुरतं चिकटवायचा धीरच होईना."

भिंगरीने पुन्हा चिमटा उचलला. "बाबा, इकडे या. ही कड धरा. ओढू नका, नुसती धरा."

मग ती दोघे माझ्यावर वाकून बसली. ती ऊब द्यायची, ते कड धरायचे. साडेपाच तासांत दोघांमध्ये "सावकाश" याखेरीज शब्द झाला नाही. खालचा एक कोपरा गेला, दोन ठिकाणी पापुद्रा गेला. पण सही वाचली आणि अक्षरेही सगळी राहिली. दुसऱ्या दिवशी खिडकीवरच्या बाईंनी मला उजेडात धरून पाहिले, कॉलेजला फोन लावून खात्री केली आणि माझ्या उघड्या पाठीवर दणकन शिक्का मारला. इतके बरे मला कधीच वाटले नव्हते.

मुलाखतीला आखूड केसांच्या एक मेजर बसल्या होत्या. त्यांनी मला दोन बोटांत उचलले.

"ही डिग्री कुठल्या आगीतून काढलीत?"

"प्लास्टिकमधून काढली, मॅडम. लॅमिनेट झाली होती."

"कुणी केली?"

भिंगरीने बाबांचे नाव काढले नाही. "घरी झाली, मॅडम. सोलली मी."

"मधेच फाटली असती म्हणजे?"

"फाटू नये म्हणून तर साडेपाच तास लागले."

मेजरबाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्या पाठीवरचा शिक्का पाहिला, मला सरळ करून ठेवले आणि कागदावर काहीतरी लिहिले. पंधरा दिवसांनी निवडीचे पत्र आले. ते बाबांनीच उघडले.

निघायच्या दिवशी भिंगरीने मला त्यांच्यापुढे धरले. "हा तुमच्याकडे ठेवता?"

बाबांनी दोन्ही हात मागे घेतले. "नको, तूच ने. माझा अजून भरवसा नाही."

तेव्हापासून मी तिच्या ट्रंकेत आहे. तीन छावण्या झाल्या, माझ्या घड्या विरल्या, एकदा ओलही लागली. मला त्याचे काही वाटत नाही. वॉर्डात फोन नेता येत नाही, म्हणून ती कामावर जाताना फोनही माझ्याशेजारीच ठेवते. संध्याकाळी तो वाजतो. वाजून थांबतो, पुन्हा वाजतो. पलीकडे कोण आहे हे मला माहीत असते, आणि तो माणूस आता दुकानाच्या दारात कसा उभा असेल हेही. परवा भिंगरी दमून आली, "उद्या करते" म्हणाली आणि तशीच झोपली.

मित्रांनो, माझे ऐका. मला जपू नका, मी विरायचाच आहे. पण ज्याला तुम्हाला सोडवत नव्हते आणि तरीही ज्याने तुम्हाला जाऊ दिले, त्याचा फोन आला तर उद्यावर टाकू नका. मी तर पहिल्याच वेळी उचलला असता. पण मी पडलो कागद.