मावशींचा ई-मायनर

मावशींनी एकतीस वर्षं छापखान्याच्या बाइंडिंग विभागात छापील कागदांचे फर्मे दुमडले, शिवले, पुठ्ठे चढवले. त्यातल्या अकराव्या वर्षी कटिंग मशीनने त्यांच्या डाव्या हाताची अनामिका अर्ध्यावरून घेतली. उरलं ते थोटूक. पट्टी सुटली त्या दिवसापासून मावशी पुन्हा कामाला लागल्या आणि बोटाचा विषय त्यांनी कुणाला काढू दिला नाही.

निवृत्तीला लेकीने युकुलेली, म्हणजे छोटी गिटार, दिली. "आई, चारच तारा आहेत, जमेल तुला." मावशींनी मनात हिशेब केला, चार तारांना चार बोटं लागत नसावीत, आणि मोठ्यांच्या शनिवारच्या क्लासला नाव घातलं.

क्लास शाळेच्या चित्रकलेच्या खोलीत भरायचा. सात-आठ जण, सगळे पन्नाशीच्या पुढचे, आणि शिकवायला लेकीच्याच वयाची मॅडम. दोन महिने सगळी हसरी गाणी झाली. मावशींना ती गोड-गोड वाटायची. मॅडमना त्यांचा चेहरा वाचता येत होता.

एका शनिवारी मॅडम म्हणाल्या, "आज फ्रीजियन नावाची सुरावट. सूर रोजचेच, पण आपलं घर आता ई-मायनर कॉर्ड. आणि त्याला भिंतीला भिंत लावून एफ. दोघांत फक्त एका पडद्याचं, म्हणजे दांडीवरच्या एका पट्टीचं, अंतर." त्यांनी आधी एफ वाजवला आणि मग ई-मायनरवर येऊन थांबल्या. खोलीतल्या खुर्च्यांचे आवाज बंद झाले. मावशींच्या मानेवर काटा आला. हे त्यांना हवं होतं.

पण ई-मायनरला तीन बोटं एका ओळीत तिरकी बसवायची होती. पहिलं बसलं, मधलं बसलं, तिसऱ्याच्या जागी थोटूक हवेत. करंगळी लावावी तर मधल्या बोटाशी तिची टक्कर.

"मावशी, तुम्ही फक्त एफ वाजवा," मॅडम हळूच म्हणाल्या. "ई-मायनर बाकीचे घेतील."

मॅडमचा हेतू चांगला होता, म्हणूनच ते जास्त लागलं.

घरी आल्यावर त्या युकुलेली घेऊन खिडकीजवळ बसल्या. यजमान, म्हणजे बस चालवून निवृत्त झालेला माणूस, भाजी निवडत होते.

"काय शिकवलं आज?"

"फ्रीजियन."

"फ्रीज? आपला तर ठणठणीत चालतोय."

"अहो, गप्प बसा जरा. ऐकू द्या मला."

पुस्तक शिवताना दोरा कुठून जातो हे त्यांना नेहमी बोटांनी कळायचं. तसंच त्यांनी एकेक तार वेगळी छेडून पाहिली. वरून दुसऱ्या तारेवर चौथ्या पडद्यापाशी जो सूर होता, तोच तिसरी तार मोकळी सोडली की वाजत होता! मग तिसरीला हात लावायचाच कशाला? मधलं बोट त्यांनी सरळ सुट्टीवर पाठवलं. खालच्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर तर्जनी, दुसऱ्या तारेवर चौथ्या पडद्यावर करंगळी. बस्स, दोन बोटं.

पण थोटूक मधेच तिसऱ्या तारेला टेकायचं आणि आवाज मरायचा. आठवडाभर रोज सकाळी आणि संध्याकाळी त्यांनी त्या अर्ध्या बोटाला वर राहायला शिकवलं. वीस वर्षं त्यांनी ते पदराआड ठेवलं होतं. आता त्या त्याच्यावर ओरडत होत्या, "उचल, उचल की!" यजमान पाचव्या दिवशी म्हणाले, "अगं, मला वाटलं मलाच सांगतेयस. मी तीनदा उठलो."

पुढच्या शनिवारी मॅडमनी पुन्हा ई-मायनर घेतला. मावशींनीही वाजवला. मॅडम थांबल्या.

"मावशी, पुन्हा. एकट्या."

मावशींनी एफ वाजवला आणि एक पडदा खाली घरी आल्या. स्वच्छ, चारही तारा बोलत होत्या. मॅडमनी खाली वाकून त्यांचा हात पाहिला, ओठांतल्या ओठांत एकेका तारेचा सूर म्हटला आणि मान वर केली.

"एकही सूर चुकीचा नाही. कुठे सापडला हा?"

"घरी. खिडकीत."

"माझं चुकलं, मावशी. मी आधी शोधायला हवं होतं."

"तुमची बोटं पुरी आहेत, मॅडम. तुम्हाला कशाला गरज पडेल?" मावशी सहज म्हणाल्या, आणि आपण बोटाबद्दल चारचौघांत बोललो हे त्यांच्या नंतर लक्षात आलं.

संधिवात असलेल्या दोघांनी लगेच त्यांची पद्धत उचलली. एक जण तर म्हणाला, "मावशी, एवढे दिवस का लपवून ठेवलीत?"

वर्षअखेरीला वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम झाला. फ्रीजियनची सुरुवात मॅडमनी एकट्या मावशींना दिली. त्या पुढे आल्या, पदर कमरेला खोचला आणि डावा हात सगळ्यांना दिसेल असा धरला. एफ. ई-मायनर. पुन्हा एफ. आणि ई-मायनरवर परत येताना त्या घाईत नव्हत्या, चांगल्या ऐटीत आल्या.

तिसऱ्या रांगेत यजमानांनी शेजारच्या अनोळखी माणसाला कोपराने ढोसलं.

"तो जो वाजतोय ना, तो हिने काढलाय. पुस्तकात नाही तो."

"कोण आहेत त्या?"

"बाइंडर," ते छाती काढून म्हणाले. "माझी बायको."