भिंतीचं टोक

समुद्रातलं सगळ्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी वाळूत तिवई रोवून दुर्बीण लावली, की आजूबाजूला चार माणसं जमतात आणि मला भरती-ओहोटी समजावून सांगतात. किनाऱ्याच्या इंजिनिअरची निम्मी नोकरी हे ऐकून घेण्यात जाते. त्यात समजावणारा सख्खा थोरला भाऊ असला, तर मग विचारायलाच नको.

दादाचं घर शेवटच्या रस्त्यावर, पाण्याच्या बाजूला. त्याला लागून आत्याचं, दोन्हींच्या मध्ये एक कुंपण. आई-वडिलांच्या माघारी आत्यानेच आम्हाला वाढवलं. म्हातारपणी ती हाकेच्या अंतरावर असावी, म्हणून दादाने मुद्दाम तिच्या शेजारची जागा घेतली. जागा समुद्राकडे जरा जास्तच पुढे होती, पण बाकी कुठली मिळत नव्हती.

मागच्या वादळात लाटा त्याच्या पायरीला लागल्या. दादाने कोणाला विचारलं नाही, मला तर नाहीच. ट्रक भरभरून दगड आणले आणि घरापुढे भिंत रचली. रचली कसली, ओतली. कुंपण संपलं तिथे भिंत संपली. आत्यापुढे वाळूचा पट्टा चांगला रुंद होता, तिला कशाला हवेत दगड?

आमच्या धंद्यात ही चूक नेहमीची आहे. लाट दगडांवर आपटते आणि पुढची वाळू ओढून नेते. जिथे भिंत संपते तिथे वळसा घालून पलीकडची जमीन पोखरते. भिंत घालणाऱ्याचं घर शाबूत राहतं, म्हणून त्याला हे जन्मात पटत नाही. जातं ते शेजाऱ्याचं.

खात्याने पाहणीचं काम माझ्यावर टाकलं, तेव्हा मी साहेबांना सांगितलं की घर माझ्या भावाचं आहे.

"मग बरंच झालं," साहेब म्हणाले. "दुसरा कोणी गेला तर तुमचे बंधू त्याच्यावर तेच दगड फेकतील."

शेवटी मोजणी मी करायची आणि आकडे दुसऱ्या कोणीतरी तपासायचे, असं ठरलं.

मी पट्टी आणि दुर्बीण घेऊन वरचेवर गेले. दादाच्या घरापुढे सगळं जागच्या जागी. आत्याच्या घरापुढे, समुद्राच्या बाजूला कपडे वाळत घालायची जागा होती, ती दांड्यांसकट गेली होती. स्वयंपाकघराच्या कोपऱ्याखालून माती निसटली होती आणि खिडकीपासून ओट्यापर्यंत भिंतीला तडा गेला होता. आत्याने तड्यावर कॅलेंडर लावलं होतं. ते उचलून मी फोटो काढला, तेव्हा ती चहा गाळत होती.

"दादाने बघ कशी भिंत घातली," ती म्हणाली. "तुम्ही लोक नुसते कागद काळे करता."

मी कॅलेंडर परत जागेवर लावलं. आकडे तपासून आले, ते बरोबरच होते. त्या संध्याकाळी मी दादाच्या घरी गेले आणि स्पष्ट सांगितलं: दगड काढायचे, दोन्ही घरांपुढे वाळू टाकायची. आत्याचं घर टिकेल. दगड राहिले तर येत्या पावसाळ्यात तिचं स्वयंपाकघर पाण्यात जाईल.

दादाच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. "तिचं घर समुद्र खातोय, आणि तू ते माझ्या माथी मारतेस? समुद्र मी आणला का इथे?"

"दगड तू आणलेस."

"आणि काढल्यावर माझं घर?"

"काही वर्षं काढेल. मग मागे सरकावं लागेल."

वहिनी ताटं न वाढता तशीच उभी राहिली. दादा म्हणाला, आत्याच्या घराला माझ्यामुळे धक्का लागला असं कोणी सिद्ध करून दाखवावं. मी सिद्धच करून आले होते, पण घरात आकड्यांना कोण विचारतो? मला त्याचा राग आला होता, आणि आत्याची काळजीही वाटत होती. मी न जेवता निघाले.

दगड काढायचा हुकूम निघाला. पोकलेन आलं त्या सकाळी आत्या भिंतीच्या मधोमध दगडावर बसलेली होती, पदर खोचून. ड्रायव्हरने इंजिन बंद करून माझ्याकडे पाहिलं. दादाची कळी खुलली. आत्याला आरामात बसता यावं म्हणून तो घरात खुर्ची आणायला गेला.

मी तिच्याजवळ गेले. "आत्या, ऊठ. हे तुझ्याच घरासाठी चाललंय."

"मला काय कळत नाही होय गं?" ती हळूच म्हणाली. "दगड यायच्या आधी माझी मूठभर माती कधी गेली नव्हती."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाला सांगू? रोज सकाळी कुंपणापाशी येऊन विचारतो, आत्या, झोप लागली ना? त्याला सांगू, की बाबा, तूच माझं घर खातोयस? त्याची पोरं लहान आहेत. माझं असं किती राहिलंय? दगड राहू देत."

मी मागे वळले. दादा खुर्ची हातात घेऊन उभा होता. किती वेळ उभा होता कोण जाणे. त्याच्या तोंडावरचा रंग उडाला होता.

त्याने खुर्ची दगडांपासून लांब, कोरड्या वाळूत नेऊन ठेवली. मग परत येऊन आत्याला दोन्ही हातांनी उचललं.

"सोड मला, गाढवा," आत्या ओरडली. "मी बसलेय ती तुझ्यासाठी!"

"ऐकलं मी," तो म्हणाला. त्याने तिला खुर्चीत बसवलं आणि ड्रायव्हरला हाक मारली, "आत्याच्या बाजूने सुरुवात करा."

इंजिन सुरू झालं. आत्या त्याला शिव्या घालत राहिली, आणि ती पुन्हा उठू नये म्हणून तो तिचे खांदे धरून मागे उभा राहिला.