टेकडी सरकली त्या दिवशी

मित्रांनो, बंदराच्या वर जी टेकडी आहे ना, तिच्या माथ्यावर सिमेंटचा एक खांब आहे. खांबावर पांढरा घुमट आहे. खालून तो उपड्या पातेल्यासारखा दिसतो. तोच मी, एक जुना अँटेना.

कारखान्यात जन्मल्यावर मला एका विचित्र खोलीत ठेवले होते. तिथे भिंतींना आणि छताला काळ्या स्पंजचे सुळके होते, कुठूनही प्रतिध्वनी येऊ नये म्हणून. तिथेच माझ्या ऐकण्याची परीक्षा झाली. आकाशात फिरणारे उपग्रह सतत हाका मारत असतात आणि त्या अतिशय क्षीण असतात. त्या टिपणे हेच माझे काम.

इथे मला बसवले मोजणीताईंनी. जमिनीची मोजमापे करणाऱ्या ताईंना सारे गाव याच नावाने ओळखते. त्यांनी खांब थेट खडकात रोवला आणि माझी जागा बोटाच्या रुंदीइतकी अचूक ठरवली. उपग्रहांच्या हाकांवरून निघणारी जागा त्या जागेशी जुळली नाही, की खांबाच्या पायथ्याशी असलेली यंत्राची पेटी तेवढी दुरुस्ती जहाजांना कळवायची. ताईंचा थोरला भाऊ, दादा, बंदराचा वाटाड्या. खडकांमधल्या अरुंद वाटेने मोठी जहाजे आत आणणारा. "तुझा घुमट म्हणजे माझा तिसरा डोळा," असे तो ताईंना म्हणायचा. मला फार अभिमान वाटायचा. पुढे मात्र सगळ्यांना माझी इतकी सवय झाली की कोणी मान वर करून पाहीनासे झाले.

आणि एका दुपारी जमीन गरजली.

खालची घरे मला पत्त्यांसारखी हलताना दिसली. टेकडी मला घेऊन डुलत होती. हादरे थांबल्यावर सगळे पुन्हा जागच्या जागी आल्यासारखे वाटले. पण उपग्रह काही वेगळेच सांगत होते. मी जवळपास एका माणसाच्या उंचीइतका पश्चिमेला सरकलो होतो. एकटा मी नव्हे, मित्रांनो, अख्खी टेकडी!

गावाचा दवाखाना खचला होता. दादाची बायको, म्हणजे ताईंची वहिनी, भिंतीखाली सापडली होती. तिचा पाय चिरडला होता. डॉक्टरांना घेऊन एक जहाज बंदराबाहेर येऊन थांबले होते आणि दादा त्यावर चढला होता. ताई धापा टाकत माझ्याजवळ आल्या. पेटीवरचे आकडे बघून त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी वायरलेस तोंडाशी धरला.

"दादा, मी घुमट बंद करतेय."

"वेड लागलंय का तुला? आत्ताच तर त्याची गरज आहे!"

"टेकडी सरकलीये, तो आता चुकीची दुरुस्ती कळवतोय. वाटेतले खडक किती सरकलेत, तळ कुठे वर आलाय, कोणालाच ठाऊक नाही. आज नकाशावरही विसंबू नकोस आणि माझ्या घुमटावरही."

"अगं, तुझी वहिनी तिकडे तळमळतेय."

"म्हणूनच सांगतेय ना. होडी पुढे घाल, दोरी टाकून खोली बघ, सावकाश ये. जहाज अडकलं तर वहिनीपर्यंत कोणीच पोचणार नाही."

पलीकडे दादाने होडी उतरवायला सांगितलेले ऐकू आले. मग दादा म्हणाला, "बरं. बंद कर."

मी मुका झालो. खाली एक लहानशी होडी खोली मोजत पुढे चालली आणि तिच्यामागून ते प्रचंड जहाज, अंधारात चाचपडणाऱ्या माणसासारखे. एका जागी होडीवाल्याने दोन्ही हात वर केले. नकाशात खोल पाणी होते, तिथे तळ वर आला होता. जहाज थांबले, वळले आणि धक्क्याला लागले. वहिनीचा पाय वाचला.

काही आठवड्यांनी वहिनी प्लास्टर घातलेला पाय उशीवर ठेवून बसली होती. ताईंनी तिला सांगितले, की एवढ्या मोठ्या भूकंपाने पृथ्वीच्या पोटातले वजन थोडे इकडचे तिकडे होते. फिरत्या खुर्चीत बसून पाय जवळ ओढले की खुर्ची भरभर फिरते, तशीच पृथ्वीही किंचित वेगाने फिरू लागते. त्यामुळे दिवस लहान होतो, पण सेकंदाच्या लाखाव्या हिश्शाहूनही कमी.

"अगं बाई! मग घड्याळ पुढे करू का?" वहिनीने विचारले.

"राहू दे. एवढा फरक तर आमच्या यंत्रांनाही पकडता येत नाही, तो गणितातूनच कळतो. वाऱ्यामुळेही पृथ्वीच्या फिरण्यात रोज याहून जास्त फरक पडतो."

"आणि वरचे ते उपग्रह? ते नाही चुकले?"

"ते आपल्या वाटेने फिरतच राहिले. हललो आपण."

हे सारे ताईंनी मला नवी जागा ठरवून देताना, घुमट पुसत पुसत सांगितले. अजूनही ही टेकडी मुंगीहून हळू सरकते आहे. मी ऐकतो आहे. दूरच्या देशांत, बर्फात, बेटांवर माझी भावंडेही ऐकत आहेत. आम्ही सगळे मिळून या एवढ्या मोठ्या पृथ्वीची एकेक हालचाल टिपत असतो.

मित्रांनो, असा खांब कुठे दिसला तर त्याला दोरी बांधू नका, टेकू नका, त्याच्यावर नाव कोरू नका. थोडे लांब उभे राहा. तुम्हाला काहीच ऐकू येणार नाही, पायांखाली काही हलल्याचेही जाणवणार नाही. पण तेवढ्या वेळात सबंध पर्वत तुम्हाला घेऊन पुढे सरकलेला असेल.